दागिने गहाण ठेवून केस लढू का?

प्रश्न : मी सुतारकाम करतो. सांगलीत एका बंगल्याचं फर्निचर केलं, त्याचे १,८५,००० रुपये अडकलेत. त्यातल्या एक लाखाचा चेक गिऱ्हाइकाने दिला होता. खात्यात पैसे नाहीत म्हणून तो परत आला. बँकेचा मेमो मिळून १२ दिवस झाले. वकील सगळ्या केसचे मिळून ४०,००० सांगतात. बायकोच्या दागिन्यांवर कर्ज काढू का?

उत्तर : दागिने राहू द्या. घाई करायची ती नोटिशीची.

चेक परत गेल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस निघायला हवी. तुमच्याकडे १८ दिवस उरलेत. नोटिशीत मागणी चेकच्या नेमक्या एक लाखाचीच करा. उरलेले ८५,००० त्यात मिसळलेत तर नोटीसच बाद ठरू शकते. स्पीड पोस्टाची पावती जपून ठेवा. नोटीस पोचल्यावर १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर त्यापुढच्या एका महिन्यात चेकच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट) कलम १३८ खाली कोर्टात तक्रार करता येते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वकिलांना म्हणा, आधी फक्त नोटिशीचे पैसे सांगा. तेवढे घरखर्चातून निघतील.

८५,००० ना एवढी घाई नाही. पैसे कधी द्यायचे हे ठरलं नसेल, तर दाव्याची मुदत काम झाल्यापासून तीन वर्षं असते. आधी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून प्रकरण लोकअदालतीत न्या. कोर्ट फी नाही, आणि तिथली तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकीच पक्की. मी तुमच्या जागी असतो तर एकरकमी मिळत असतील तर दहा-पंधरा हजार सोडले असते. हप्ते मात्र मान्य केले नसते. पोलिसांत जाल तर बहुतेक ‘ही दिवाणी बाब आहे’ एवढंच ऐकून परत याल.

दिवाणी दावा शेवटी, आणि तोही दोन गोष्टी असतील तरच: बंगला गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या नावावर आहे, आणि तुमच्याकडे कोटेशन, मापं, ‘पुढच्या महिन्यात देतो’ असले व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आहेत. दावा वर्षानुवर्षं रेंगाळू शकतो. सोन्यावरचं व्याज तोवर थांबत नाही.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, फुकट आहे, ती करून टाका. या बाकीला तिचा उपयोग नाही, कारण ती कामाआधीची लागते. पुढच्या कामांत ४५ दिवसांपलीकडे रखडलेल्या पैशांवर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं. माल आणि मजुरी एकत्र घेतलेल्या कामांवर तिथेही वाद निघतात, म्हणून प्लायचे पैसे उचल म्हणून आधीच घेत चला.