भाची नववीत आहे, विज्ञान आवडतं, पण घरात डॉक्टर-इंजिनिअरपलीकडचं कोणालाच माहीत नाही. तिला कसं मार्गदर्शन करू? (पुणे)

लगेच क्लास लावू नका, आधी माणसं दाखवा. आयुकात (पुण्यातली खगोलशास्त्र संशोधन संस्था) शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारी व्याख्यानं होतात, मराठीतूनही. 28 फेब्रुवारीच्या, म्हणजे विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण (अवकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी) लोकांसाठी खुली असते. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना! त्या चालवायला खगोलशास्त्रज्ञांइतकेच इलेक्ट्रॉनिक्स, सॉफ्टवेअर आणि यंत्रकामवाले लागतात, हे तिला तिथेच कळेल.

एखाद्या संशोधक ताईंना गाठून भाचीलाच प्रश्न विचारू द्या: दिवसभर नेमकं काय करता, बारावीनंतर काय घेतलंत, पगार कधी सुरू झाला? (पगाराचं जरूर विचारावं, घरचे उद्या तेच विचारणार.) तुम्ही मध्ये बोलू नका, मामालोकांना ते जड जातं.

खोडद नारायणगावजवळ आहे, सकाळी लवकर निघा.