सगळे मोड सी मेजरसारखेच वाटतायत? आधी सा एकच धरा

तुम्ही लिहिलंय की डी ते डी, ई ते ई असे पांढऱ्या पट्ट्यांवरचे सातही मोड (सात सुरांच्या पाश्चात्त्य स्वरमालिका) पाठ झालेत, नावंही पाठ आहेत, पण पियानोवर वाजवलं की सगळं सी मेजरच ऐकू येतं. येणारच हो, कारण सूर तेच सात आहेत आणि कानाला अजून सी हाच सा वाटतोय. ती पद्धत कुठल्या मोडमध्ये कुठले सूर हे समजायला बरी आहे, पण मोडचा रंग तिच्यातून कळत नाही.

तुम्ही लहानपणी पेटी शिकलात ना, मग सरळ पांढरी एकचा, म्हणजे सी चा, सा धरा आणि सातही मोड तिथूनच वाजवा. सुरुवात लिडियनपासून, म्हणजे आपला कल्याण थाट (थाट म्हणजे रागांची मूळ सात सुरांची मांडणी), फक्त म तीव्र. तो म शुद्ध केला की आयोनियन म्हणजे बिलावल, मग नि कोमल केला की मिक्सोलिडियन म्हणजे खमाज, ग पण कोमल केला की डोरियन म्हणजे काफी, ध कोमल केला की एओलियन म्हणजे आसावरी, आणि शेवटी रे पण कोमल केला की फ्रिजियन म्हणजे भैरवी. दर वेळी एकच सूर बदलतो आणि प्रत्येक पायरीला रंग थोडा गडद होत जातो, हे मला अजूनही फार सुंदर वाटतं. संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी सहा इथेच आले. उरलेले भैरव, पूर्वी, मारवा, तोडी पांढऱ्या पट्ट्यांवर कुठूनही सुरू केलं तरी मिळत नाहीत. सातवा मोड लोक्रियन, त्यात पंचमच खाली उतरतो, आपल्याकडे त्याला थाटच नाही, तो सगळ्यात शेवटी घ्या.

आता मुख्य रियाज. डाव्या हातानं खालचा सी आणि जी दाबा, पेडल धरा, आवाज विरला की परत दाबा, किंवा तानपुरा ॲप पांढरी एकला लावून ठेवा. उजव्या हातानं डोरियन हळूहळू वर न्या आणि ए वर थांबा, चांगलं ऐका. मग तोच सूर अर्धा उतरवून ए फ्लॅट (कोमल) करा आणि परत थांबा. डोरियन आणि एओलियनमध्ये फरक एवढाच आहे आणि तो खर्जाच्या सुरावरच उघडा पडतो, नुसतं भराभर वर-खाली पळवलंत तर कधीच नाही. असंच लिडियनला एफ शार्पवर, मिक्सोलिडियनला बी फ्लॅटवर, फ्रिजियनला डी फ्लॅटवर थांबायचं. पण कानाला थाटाची सवय आहे म्हणून डोरियनलाच बागेश्री समजू नका, रागाचं चलन, वर्ज्य सूर, मींड हे सगळं वेगळं प्रकरण आहे.

बोटांचं सोपं आहे. उजव्या हाताला सी मेजरचीच बोटं, १२३ १२३४५ (१ म्हणजे अंगठा, ५ म्हणजे करंगळी), सगळीकडे चालतात, फक्त लिडियनमध्ये अंगठा एफ शार्पवर येतो, तिथे १२३४ घेऊन अंगठा जी वर आणा. डाव्या हाताला ५४३२१ ३२१ लोक्रियन सोडून सगळ्यांना चालतं.

मग कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबायचे सूर. डोरियनला सी मायनर आणि एफ मेजर आलटून पालटून, मिक्सोलिडियनला सी आणि बी फ्लॅट मेजर, फ्रिजियनला सी मायनर आणि डी फ्लॅट मेजर, लिडियनला खाली सी तसाच धरून वर डी मेजर. दोनच कॉर्डवर पाच-पाच मिनिटं काहीतरी गुणगुणत वाजवा. तिसरी-चौथी कॉर्ड घालायची घाई नको, विशेषतः पांढऱ्या पट्ट्यांवर डी डोरियन वाजवताना मध्येच जी सेव्हन आणि सी आलं की कान पळालाच सी मेजरकडे.

एवढं बसलं की जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचं १९५९ चं 'सो व्हॉट' लावून त्याच्याबरोबर वाजवा. १६ मात्रांच्या नाही, १६ बारच्या हिशोबानं मोजा (एक बार म्हणजे चार मात्रा): १६ बार डी डोरियन, ८ बार ई फ्लॅट डोरियन, परत ८ बार डी. डी वाले सगळे पांढरे, ते जमतील. अडकाल ते ई फ्लॅटला, म्हणजे काळी दोनला, कारण तिथे एफ आणि सी सोडून बाकी सगळ्या काळ्या पट्ट्या. अंगठा त्या दोनच पांढऱ्यांवर ठेवायचा, उजव्या हाताला ई फ्लॅटवर तिसरं बोट ठेवून सुरुवात करा, आणि आधी गाणं न लावता हळू बसवा.