चालते रोज, जेवते कमी, तरी काटा हलत नाही

प्रश्न: ताई, नमस्कार. मी ४४ वर्षांची, गोव्यात फोंड्याजवळ राहते, शाळेत शिकवते. दीड वर्ष झालं, रोज संध्याकाळी फर्मागुडीच्या चढावर ४५ मिनिटं चालते, पाऊस असला तर घरातच व्हिडिओ लावून झुंबा. रात्रीचा भात बंद केलाय, साध्या पावाऐवजी कोंड्याची पोई घेते, चहात साखर नाही. सुरुवातीला ७६ वरनं ७३ वर आले आणि तिथेच अडकलेय, आठ महिने. थायरॉइड तपासलं, टीएसएच २.८, म्हणजे नॉर्मल. जिमवाला सांगतो तुम्ही फारच कमी खाता म्हणून बॉडी स्टार्व्हेशन मोडमध्ये गेलीय. नवरा म्हणतो तुझं हाडच जड. सात दिवसांचं खाणं लिहून पाठवतेय, बघा आणि सांगा कुठे चुकतंय, मला आता खरंच कंटाळा आलाय.

उत्तर: वही पाठवलीत ते फार बरं केलंत, नाहीतर लोक "मी काहीच खात नाही" एवढंच लिहितात आणि मग मी बोलणार कशावर. जिमवाल्याला आणि नवऱ्याला आपण थोडा वेळ बाजूला बसवू.

तुमचा बुधवार घेते. सकाळी एक पोई आणि पातळभाजी. मधल्या सुट्टीत कुणाचा तरी वाढदिवस, अर्धा समोसा. दुपारी घरी येऊन भात दीड वाटी, बांगड्याचं हुमण (खोबरं वाटून केलेलं कालवण), तळलेली सुंगटं (कोळंबी) "थोडी", सोलकढी. चारला चहा. फिरून आल्यावर पपई आणि कपभर दूध, हेच रात्रीचं जेवण. आणि खाली बारीक अक्षरात, बहुतेक झोपताना आठवलं असावं, "१० वा. काजू थोडे". मी मोजलं, सात दिवसांत "थोडं" हा शब्द १९ वेळा आलाय.

तेलाबद्दल तुम्ही दोन ओळी लिहिल्यात, कमी केलंय म्हणून. नारळाबद्दल अक्षर नाही. तुमचं काय म्हणा, आपल्याकडे नारळ कुणी मोजतच नाही, पाण्यासारखा धरतात. खवलेलं खोबरं वाटीभर, म्हणजे साधारण ८० ग्रॅम घेतलं तर २८० कॅलरी होतात आणि त्यातला बराचसा भाग निव्वळ फॅट. पातळभाजीत खोबरं, हुमणात वाटप, सोलकढीत रस, दिवसाकाठी माणशी वाटीभर पोटात जाणं अजिबात कठीण नाही. आणि तुमच्या वजनाच्या बाईने साध्या वेगाने ४५ मिनिटं चाललं की जळतात दीडशे ते दोनशे, चढ आहे म्हणून थोड्या जास्त धरा. त्यात रात्रीचे मूठभर काजू, ३० ग्रॅम म्हटलं तरी १६५ कॅलरी, म्हणजे फर्मागुडी जवळजवळ डब्याचं झाकण उघडल्या उघडल्या परत आली.

मी तुम्हाला खोटं पाडत नाहीये हां. न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी १९९२ साली याच तक्रारीचे दहा जण घेऊन नीट तपासलं होतं, डाएट करूनही वजन उतरत नाही म्हणणारे. त्यांचं मेटाबॉलिझम ठीकच निघालं. पण ते दिवसाला हजारेक कॅलरी खातो असं लिहीत होते आणि प्रत्यक्षात जात होत्या दोन हजारांच्या आसपास, शिवाय व्यायाम केला त्यापेक्षा जास्त धरत होते. लबाडी नव्हे, अंदाजच चुकतो, माझासुद्धा चुकतो, आणि मी तर यावरच पोट भरते.

आता स्टार्व्हेशन मोड. कमी खाल्लं की शरीर थोडं हात आखडून खर्च करतं हे खरं. पण त्याने वजन उतरायचंच थांबतं हे खरं नाही. अमेरिकेत मिनेसोटाला १९४४-४५ मध्ये ३६ तरुणांना सहा महिने जवळजवळ अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता, त्यांचं मेटाबॉलिझम मंदावलं, तरी वजन साधारण पाव हिश्श्याने उतरलंच. थायरॉइड बिघडलेलं असतं तरी त्यापायी वाढणारं वजन सहसा दोन-चार किलोच, तेही बरंचसं पाणी आणि मीठ. तुमचं तर नॉर्मल आहे, तो विषय सोडा. आणि जड हाडाचं नवऱ्याला सांगा की आपला अख्खा सांगाडा मिळून दहा-बारा किलोच्या वर जात नाही.

शनिवार-रविवार मात्र बघा. सोमवार ते शुक्रवार तुम्ही रोज तीनशे कॅलरी वाचवता असं धरलं तर झाल्या १५००. रविवारी शागोती, वडे, संध्याकाळी गाड्यावरची मिरची भजी, शनिवारी माहेरी, दोन्ही दिवस सात-सातशे जास्त गेल्या की १४०० तिथेच संपल्या. पाच दिवस शिस्त पाळून आठवडाअखेर शिल्लक शंभर. माझ्या मते तुमचे आठ महिने इथेच गेलेत.

म्हणून डाएट आणखी कडक करू नका. उलट रात्रीचा भात परत सुरू करा, एक वाटी, बरोबर मासे किंवा मूग आणि वाडगाभर भाजी. पपई-दुधावर माणूस दहापर्यंत कसा टिकेल, काजूचा डबा आठवणारच. दिवसात वाटपाचं एकच काहीतरी ठेवा, हुमण असेल त्या दिवशी सोलकढीऐवजी बिननारळाची फुटी कढी प्या, आणि घरात आठवड्याला किती नारळ फुटतात ते कॅलेंडरवर मांडून बघा. सुंगटं रव्यात घोळवून तळण्यापेक्षा हुमणात किंवा कांद्यावर परतून, तेल चमच्याने मोजून. पोई चांगली, कोंडा असतो, पण पदेराच्या (पाववाल्याच्या) टोपलीतनं आली म्हणून दोन खाल्ल्या तर एकीसारखी मोजली जात नाही. चालणं सोडू नका, साखर-प्रेशर-झोप सगळ्याला ते लागतं, वजनाचा हिशोब तेवढा त्याच्यावर टाकू नका. आठवड्यातनं दोनदा मात्र ताकदीचा व्यायाम घाला, खुर्चीवरनं उठबस, भिंतीला हात लावून पुशअप, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, कारण चाळिशीनंतर स्नायू गुपचूप कमी होत जातात.

काटा रोज बघत असाल तर रोजचा आकडा मनावर घेऊ नका. आदल्या रात्री खारे मासे, लोणचं, पापड झालं किंवा पाळी जवळ आली की किलोभर पाणी सहज अंगात थांबतं. त्यापेक्षा टेप घ्या, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध लावा, महिन्यातनं दोनदा. आपल्याकडच्या बायकांना ८० सेंटीमीटरच्या आत कंबर असावी असं धरतात. वजन तेच आणि कंबर तीन सेंटीमीटर कमी, असंही होतं.

डॉक्टरकडे जायचं ते पायाला सूज, जोराचं घोरणं, पाळीचा गोंधळ असलं काही असेल तर, किंवा स्टेरॉइड, फिट्सच्या, डिप्रेशनच्या, मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर, त्यातल्या काहींनी वजन वाढतं. गोळी मनाने बंद करायची नाही.

प्रश्न: उन्हाळ्यात ऊर्राक (काजूच्या बोंडूंची हलकी दारू) घेतो, फळाचाच रस ना तो, मग वजनाला चालतो का? — एक वाचक, पेडणे

उत्तर: बोंडूच्या रसातली साखर आंबून तिचाच अल्कोहोल झाला की हो, आणि अल्कोहोलच्या एका ग्रॅमला सात कॅलरी. साठ मिली फेणी म्हणजे १४० च्या आसपास. ऊर्राक हलका म्हणून तुम्ही ग्लास मोठा घेता, हिशोब तिथेच येतो, वर गोड लिंबू सोडा ओतला तर साखर वेगळी. आणि पुढच्या वेळी बरोबर काय खाता तेही लिहा, ते तुम्ही सोयीस्कर विसरलात.