बीएस्सीला मेजर कोणता घ्यावा : डेटा सायन्स की संख्याशास्त्र?

तुम्ही विचारलंय की मुलीला बारावी सायन्सला बरे मार्क आहेत, इंजिनिअरिंगला जायचं नाही, आणि बीएस्सीला मेजर, म्हणजे मुख्य विषय म्हणून सूक्ष्मजीवशास्त्र, कॉम्प्युटर सायन्स, डेटा सायन्स आणि संख्याशास्त्र असे चार विषय समोर आहेत, तर नोकरीच्या दृष्टीनं कोणता घ्यावा? खाली एक ओळ जोडली आहे : 'संख्याशास्त्राला आता कोण विचारतं, सगळं सॉफ्टवेअरच करतं, असं सगळे सांगतात.' मी संख्याशास्त्र शिकवते आणि हे उत्तर त्या शेवटच्या ओळीसाठीच लिहिते आहे.

सॉफ्टवेअर सगळं करतं, हे खरं आहे. चूकही ते तितक्याच बिनबोभाट करतं.

आमच्या जर्नलमधलं अगदी नेहमीचं प्रॅक्टिकल घ्या, पॉयसन फिटिंग. समजा, एका एसटी डेपोत १०० दिवस नोंद ठेवली की रोज किती गाड्या वाटेत बंद पडल्या. ३८ दिवस एकही नाही, ३४ दिवस एक, १८ दिवस दोन, ७ दिवस तीन आणि ३ दिवस चार. म्हणजे एकूण १०३ बिघाड, सरासरी रोज १.०३. हे आकडे पॉयसन वितरणाला (क्वचित घडणाऱ्या घटना किती वेळा घडतील याच्या गणिती साच्याला) धरून आहेत का, एवढंच तपासायचं. 'ई' या गणिती स्थिरांकाचा उणे १.०३ वा घात ०.३५७, म्हणून एकही बिघाड नसलेले अपेक्षित दिवस ३५.७. त्याला १.०३ नं गुणलं की एका बिघाडाचे ३६.८ दिवस. त्याला पुन्हा १.०३ नं गुणून २ नं भागलं की १८.९, आणखी एकदा गुणून ३ नं भागलं की ६.५. इथे पहिली ठेच लागते. मुलं पुढे फक्त 'चार'चा आकडा काढतात आणि मग अपेक्षित दिवसांची बेरीज १०० भरत नाही. शेवटचा गट 'चार किंवा जास्त' असा धरावा लागतो, त्याचे उरलेले २.१ दिवस.

दुसरी ठेच : अपेक्षित आकडा ५ च्या खाली असला तर तो गट शेजारच्या गटात मिळवायचा. म्हणजे 'तीन किंवा जास्त' असा एकच गट, अपेक्षित ८.६, प्रत्यक्षात १०. आता गट चार उरले. काय-स्क्वेअरची, म्हणजे प्रत्यक्ष आणि अपेक्षित आकड्यांतली तफावत मोजणाऱ्या संख्येची, किंमत ०.६३ च्या आसपास येते.

आणि आता खरी गोम. डिग्रीज ऑफ फ्रीडम, म्हणजे मोकळेपणानं बदलू शकणारे आकडे, किती? चार गट, त्यातून एक वजा, कारण एकूण बेरीज ठरलेली आहे. आणखी एक वजा, कारण १.०३ ही सरासरी आपण याच आकड्यांतून काढली. उरले २. पायथनमधल्या सायपाय लायब्ररीचं काय-स्क्वेअरचं फंक्शन नुसतं चालवलंत तर ते ३ धरतं, कारण सरासरी कुठून आणली हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. 'डीडीओएफ' नावाच्या जागी १ आपण स्वतः भरावा लागतो. 'आर' या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधली तयार चाचणीही गटांतून एकच वजा करते. गट मिळवायलाच विसरलात तर आकडा ४ होतो.

आपल्या उदाहरणात किंमत इतकी लहान आहे की निकाल बदलत नाही, आणि म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. पण तीच किंमत ६.५ आली असती तर? ५ टक्के पातळीला २ डिग्रीजची मर्यादा ५.९९, म्हणजे पॉयसन बसत नाही. ३ डिग्रीजची मर्यादा ७.८१, म्हणजे बसतं. तेच आकडे, दोन उलटे निकाल, आणि पडद्यावर लाल अक्षरांत एकही एरर नाही. डेपोत राखीव गाड्या किती ठेवायच्या हे या निकालावर ठरणार असेल, तर ही चूक पकडणारा माणूस लागतो. तोंडी परीक्षेला मी 'हा एक कशाचा वजा केला?' एवढंच विचारते. त्याचं उत्तर देता येणारीला पायथन शिकायला एक सत्र पुरतं. उलट बाजूनं येणाऱ्याला एक सत्र पुरत नाही.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे : कोर्सचं नाव बघून प्रवेश घेऊ नका. 'डेटा सायन्स' हे नाव छान दिसतं, पण विद्यापीठाच्या किंवा कॉलेजच्या संकेतस्थळावरून सहाही सत्रांच्या अभ्यासक्रमाची पीडीएफ उतरवून घ्या आणि हातात पेन्सिल घेऊन क्रेडिट मोजा. प्रोबॅबिलिटी, डिस्ट्रिब्युशन्स, इन्फरन्स, रिग्रेशन, सॅम्पलिंग, डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स या सहांना मिळून किती? कॅल्क्युलस आणि लिनिअर अल्जिब्राला किती? थिअरीचं १ क्रेडिट म्हणजे सत्रात १५ तास, प्रॅक्टिकलचं १ क्रेडिट म्हणजे ३० तास, हे लक्षात ठेवा. २ क्रेडिटच्या पेपरात इन्फरन्स, रिग्रेशन आणि मशीन लर्निंग असं सगळं कोंबलेलं दिसलं, तर ते ३० तासांत शिकवलं जाणार आहे, म्हणजे शिकवलं जाणार नाही.

मग कॉलेजात जा. तुकडी अनुदानित की विनाअनुदानित ते विचारा. फीत काही पटींचा फरक असू शकतो. विषयाला पूर्णवेळ प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती, तेही विचारा. सगळे तासिकेवर (सीएचबी) असतील तर सत्र सुरू झाल्यावर महिना-दीड महिना वर्ग रिकामे जाण्याची तयारी ठेवा. आणि टीवायच्या एखाद्या मुलीचं जर्नल बघायला मागा. त्यात कॅल्क्युलेटरवर केलेली गणितं आणि आर किंवा पायथनच्या प्रिंट दोन्ही असतील तर विभाग जागा आहे. नुसत्या प्रिंट असतील, किंवा नुसती हातानं केलेली गणितं असतील, तर दुसरं कॉलेज बघा.

नाव बघू नका म्हटलं खरं, पण एका ठिकाणी नाव फार महत्त्वाचं ठरतं आणि नेमकं ते प्रवेशाच्या वेळी कुणी सांगत नाही. यूपीएससीची इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिसची परीक्षा पदवीवर देता येते, पण पदवीत स्टॅटिस्टिक्स, मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स किंवा अप्लाइड स्टॅटिस्टिक्स हा विषय असावा लागतो. तिच्याच जोडीनं होणाऱ्या इकॉनॉमिक सर्व्हिसला पदव्युत्तर पदवी लागते, इथे लागत नाही. स्टाफ सिलेक्शनच्या सीजीएल परीक्षेतल्या स्टॅटिस्टिकल इन्व्हेस्टिगेटर पदाची अट तर आणखी कडक : संख्याशास्त्र तिन्ही वर्षं, म्हणजे सहाही सत्रं शिकलेलं असावं. मार्कलिस्टवर सगळीकडे 'डेटा ॲनालिटिक्स' छापलेलं असेल तर कागदपत्रं तपासताना वाद होतो, आणि तो वाद उमेदवारानं एकट्यानं घालायचा असतो. संख्याशास्त्र मायनर, म्हणजे दुय्यम विषय म्हणून घेतलं आणि एखाद्या सत्रात त्याचा पेपरच नसला, तरी सहा सत्रांची अट मोडते. तुमच्या नातेवाइकांपैकी कुणी हे सांगितलं होतं का?

संख्याशास्त्र मेजर घेतलं तर मायनरला गणित किंवा कॉम्प्युटर सायन्स घ्या. पुढे एमएस्सीच्या प्रवेशासाठी जॅम या परीक्षेचा मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा पेपर द्यायचा असेल तर गणित, कारण त्या पेपरात कॅल्क्युलस आणि मॅट्रिक्सवर बरेच प्रश्न असतात. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या विद्याशाखेतून घ्यावा लागतो, तिथे बहुतेक मुलं सोपा आणि मार्क देणारा विषय उचलतात. त्याऐवजी अर्थशास्त्र किंवा फायनान्सचा पेपर घ्यावा. ॲक्च्युअरी (विमा आणि पेन्शनची जोखीम मोजणारा तज्ज्ञ) व्हायचा विचार असेल तर त्यांच्या 'सीएस-१' पेपराचा बराच भाग पदवीच्या अभ्यासात होऊन जातो, आणि त्या पेपराचा दुसरा भाग आर वरच असतो. सहाव्या सत्रात ४ क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग असतं, म्हणजे १२० तास. ते ओळखीच्या दुकानातून सही-शिक्का आणून उरकू नका. रुग्णालयाचं रेकॉर्ड खातं, साखर कारखान्याची प्रयोगशाळा, पतसंस्थेचा कर्जविभाग, जिथे खरे आणि घाणेरडे आकडे हाताळायला मिळतील तिथे जावं. तारीख तीन प्रकारे लिहिलेली, वय २०३ वर्षं, गावाचं नाव चार स्पेलिंगांत. हे साफ करायला लागलं की जे कळतं ते वर्गात कळत नाही.

आता राहिलेलं. नुसत्या बीएस्सीवर मिळणारं काम बहुतेक एमआयएस (कंपनीचे नेहमीचे अहवाल बनवणं), डेटा तपासणी, ज्युनिअर ॲनालिस्ट या पातळीचं असतं. बँकांचे रिस्क विभाग किंवा औषधांच्या चाचण्यांचं विश्लेषण करणाऱ्या कंपन्या (पुण्या-मुंबईत त्या आहेत, तिथे आर आणि सॅस ही सॉफ्टवेअर्स चालतात) यांतली चांगली पदं सहसा एमएस्सीनंतरच मिळतात. म्हणजे हिशेब तीन नाही, पाच वर्षांचा धरा. चार वर्षांची ऑनर्स पदवी केली तर पुढची एमएस्सी एका वर्षात करण्याची सोय नव्या धोरणात आहे, पण ती हव्या त्या विद्यापीठात सुरू आहे का ते आधी विचारा. डेटा सायन्सचे सगळेच कोर्स पोकळ आहेत असंही नाही. वरच्या मोजणीत जो टिकेल तो खुशाल घ्या, फक्त सरकारी परीक्षांची अट तपासून. कॉम्प्युटर सायन्स चांगलंच आहे, प्रोग्रॅमिंगची मनापासून आवड असेल तर. सूक्ष्मजीवशास्त्राबद्दल त्या विषयाच्या माणसाला विचारा.

आणि मुलीला गणित नको असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा. बारावीला मार्क किती यापेक्षा एक बघा : उत्तर चुकलं की ती पायऱ्या पुन्हा तपासत बसते, की मागचं उत्तर बघून पुढे जाते? पहिल्या प्रकारची असेल तर जमेल. काही विद्यापीठांत पहिल्या वर्षी तीन विषय समान पातळीवर असतात आणि मेजर दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला ठरतो. तुमच्या विद्यापीठात तसं असेल तर संख्याशास्त्र, गणित आणि कॉम्प्युटर सायन्स हे त्रिकूट घ्या, आणि मेजरचा पर्याय दोन्ही सत्रांच्या प्रॅक्टिकलचे मार्क हातात आल्यावरच भरा.