आधी स्क्रूड्रायव्हर, मग म्युच्युअल फंड

दादरहून एका वाचकांचं सहा पानी पत्र आलंय. त्याचा सारांश असा. वय ४७, खासगी कंपनीत नोकरी. पत्नी ज्युनिअर कॉलेजात शिकवतात, मुलगी अकरावी सायन्सला. दोघांचे मिळून महिन्याला २ लाख ३५ हजार हातात येतात, घराचा हप्ता ४८ हजार, तो अजून नऊ वर्षं. २०१९ मध्ये त्यांनी सव्वापाच लाखांना १९९० सालची माझ्दा एमएक्स-५ घेतली. दोन सीटची, कापडी छपराची, बटण दाबलं की हेडलाइट डोळे उघडल्यासारखे वर येतात ती. गेल्या पावसाळ्यापासून गाडी वापरात नाही. ट्रॅफिकमध्ये तापते, क्लचचं पेडल खाली जातं, चढावर दम लागतो, पावसात कार्पेट ओलं होतं, अशा चार तक्रारी. गॅरेजने ९ लाख २० हजारांचं कोटेशन दिलंय. पुण्यातले एक शौकीन आहे त्या अवस्थेत साडेचार लाखांना घ्यायला तयार आहेत. मुलीच्या शिक्षणासाठी साठवलेल्या १४ लाखांच्या म्युच्युअल फंडातून ८ लाख काढून, उरलेल्याचं पर्सनल लोन घेऊन काम करावं का, हा प्रश्न. "नीट झाली की १८ लाखांना जाते, म्हणजे ही गुंतवणूकच," असं त्यांचं म्हणणं. पत्नीचं म्हणणं पत्रात एकाच ओळीत आलंय: विकून टाका.

आधी त्या १८ लाखांबद्दल. तुम्ही जाहिरातीचं कात्रण पाठवलंत, त्यात १८ लाख लिहिलेत खरे. तो मागितलेला भाव आहे. गाडी त्या भावाला गेली का, किती महिने पडून होती, हे कात्रणात नसतं. माझ्दा कंपनी आपल्याकडे गाड्या विकत नाही, तेव्हा तुमच्या गाडीला ठरलेला बाजारच नाही. एक गिऱ्हाईक भेटलं तर भेटलं. शिवाय सरकारी व्याख्येत 'व्हिंटेज' व्हायला पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं लागतात. तुमची गाडी इथे १९९३ मध्ये पास झाली, ती नोंदणी धरली तर तो मान २०४३ मध्ये. तोवर तुम्ही निवृत्त. हौस म्हणून खर्च करा, त्याला माझी हरकत नाही. मीही वडिलांच्या जुन्या फियाटवर पैसे घातलेत आणि त्याचा हिशेब बायकोला अजून पूर्ण सांगितलेला नाही. पण हौशीला गुंतवणूक म्हणायला लागलं की माणूस लेकराच्या फंडाला हात घालतो.

त्या फंडाचं उत्तर 'नाही' आहे, आणि त्यावर मी फार लिहिणार नाही. मुलीची पहिली मोठी फी दीड वर्षावर आलीय. खरं तर ते १४ लाख आतापासून टप्प्याटप्प्याने शेअरबाजारातून काढून सुरक्षित जागी नेण्याची वेळ आहे, गाडीत नेण्याची नाही. वर कर आहेच. त्या ८ लाखांत साडेतीन लाख नफा आहे असं तुमच्या स्टेटमेंटवरून दिसतं. करमाफीचे सव्वा लाख वजा जाता उरलेल्यावर साडेबारा टक्के कर, सेस धरून २९ हजार २५०. पर्सनल लोनही नको. बंद गाडीसाठी हप्ता भरण्यासारखा वैताग नाही.

आता कोटेशन. खरी गंमत इथे आहे. इंजिन ३ लाख ४० हजार, रंग २ लाख ६० हजार, छप्पर आणि आतली सजावट १ लाख ७० हजार, सस्पेन्शन ९० हजार, आणि दाराखालच्या पत्र्याचं वेल्डिंग ६० हजार. तळाशी बारीक अक्षरात 'जीएसटी वेगळा'. तो १८ टक्क्यांनी धरा, आकडा होतो १० लाख ८५ हजार ६००. परदेशातून मागवायच्या भागांची कस्टम ड्युटी आणि कुरिअर यात कुठेच नाही. फियाटचं काही लागलं तर मी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर अर्धा दिवस फिरतो आणि घासाघीस करून घेऊन येतो. तुमच्या गाडीचा क्लच सिलिंडर तिथे टांगलेला मिळणार नाही.

पण माझा मुख्य आक्षेप रकमेवर नाही. इंजिन न उघडता, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) न मोजता हे कोटेशन काढलंय. तुमच्या तक्रारी मी सायनच्या एका मेस्त्रींना वाचून दाखवल्या. चाळीस वर्षं हात काळे केलेला माणूस. सेनापती बापट मार्गावर ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा चढतो आणि सी लिंकवर वेग घेतला की खाली येतो, हे ऐकल्याबरोबर ते म्हणाले, "मग इंजिनाला कशाला दोष देताय? पंखा बघा." गाडी धावताना वारा रेडिएटर थंड करतो, उभी असताना ते काम पंख्याचं. पंखा, त्याचा रिले, त्याचा स्विच, काही हजारांचा मामला. उलट काटा वेगात चढत असता तर रेडिएटर तुंबल्याचा संशय घेतला असता. या गाडीत रेडिएटरची वरची काळी प्लॅस्टिकची टाकी जुनी झाली की तपकिरी पडते. तुमची कुठल्या रंगाची आहे, बॉनेट उघडून बघा. तपकिरी असेल तर रेडिएटर तसाही बदला, एक दिवस तो फुटणारच.

क्लचचं पेडल खाली जातं आणि दोन-चारदा दाबल्यावर परत येतं, ही तक्रार बहुतेक गिअरबॉक्सजवळच्या छोट्या क्लच सिलिंडरची. या मॉडेलमध्ये तो गळतोच. म्हणजे चार तक्रारींपैकी दोन कदाचित २५ हजारांच्या आत मिटतील, आणि त्यासाठी तुम्हाला ३ लाख ४० हजारांचं इंजिन काम सांगितलंय. गॅरेजवाला लबाड आहे असं मी म्हणत नाही. न तपासता आकडा द्यायचा तर तो मोठाच द्यावा लागतो, इतकंच.

चौथी तक्रार मात्र मला झोप लागू देईना. पावसात सीटमागचं कार्पेट ओलं होतं, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. या गाडीत छपराचं पाणी सीटमागच्या दोन भोकांतून नळीने खाली जातं. ती भोकं पानं-मातीने बुजली की पाणी दाराखालच्या पोकळ पत्र्यात उतरतं आणि आतून गंज खात सुटतो. बाहेरून रंग झकास. कापडी छपराच्या गाडीची ताकद त्याच पट्ट्यात असते. मुंबईची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस धरला तर तिथे पत्रा उरलाय की नुसता रंग, हे स्क्रूड्रायव्हरचं टोक मागच्या चाकाजवळ, दाराखाली दाबूनच कळेल. कोटेशनमध्ये याच कामाला सगळ्यात कमी रक्कम, आणि रंगाला त्याच्या चौपटीहून जास्त! गंजावर अडीच लाखांचा रंग म्हणजे ओल्या भिंतीला डिस्टेंपर.

तेव्हा पहिली पायरी ४५ हजारांची, त्याहून एक रुपया जास्त नाही. गॅरेज दुसरं घ्या, जो तपासणार तोच दुरुस्तीचा ठेकेदार नको. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन कागदावर लिहून घ्या, आकडे एकमेकांच्या जवळपास हवेत. रेडिएटरची प्रेशर टेस्ट, पंखा, क्लच सिलिंडर, पत्र्याची तपासणी. पेट्रोलच्या रबरी नळ्याही बदलून घ्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि १९९० चं रबर त्यासाठी बनलेलं नाही. नळी झिरपली तर आग लागायचा धोका आहे.

कागदांचं काम फुकट आहे, पण तेच आधी करा. आरसीवरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून पाहा. मूळ आयातदाराचे कस्टमचे कागद, बिल ऑफ एंट्रीची प्रत, तुमच्याकडे आहे का? पत्रात उल्लेख नाही. ती नसेल तर मागच्या मालकाकडून मिळवा. तिच्याशिवाय गाडीवर १० लाख घालणं म्हणजे वादातल्या जमिनीवर बंगला बांधणं. नोंदणीची मुदत २०२८ च्या फेब्रुवारीत संपते. २०२३ मध्ये नूतनीकरणाला ४० हजार भरलेत ते आठवत असेल. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांहून जुन्या आयात चारचाकीला ८० हजार लागतात, पर्यावरण कर निराळा, आणि उशीर झाला तर महिन्याला ५०० दंड. गाडी तपासणीला आपल्या चाकांवर न्यावी लागते. म्हणजे २०२७ च्या दिवाळीपर्यंत ती चालती हवी. रंगीत नसली तरी चालेल.

पैसे कुठून? तुमच्या हिशेबात बाकीचं सगळं जाऊन महिन्याला २५ हजार उरतात आणि वर्षाला १ लाख ८० हजार बोनस येतो. आपत्कालीन निधी मात्र फक्त ३ लाख. घरखर्च १ लाख १० हजार आणि हप्ता ४८ हजार धरले तर दोन महिनेही पुरत नाही. सहा महिन्यांचे साडेनऊ लाख हवेत. म्हणून २५ पैकी १५ हजार आणि बोनसचा अर्धा भाग तिकडे, उरलेले १० हजार आणि अर्धा बोनस गाडीला. वर्षाला २ लाख १० हजार. तेवढ्यात पत्रा, ब्रेक, थंड करण्याची व्यवस्था आणि क्लच होईल. छप्पर पुढच्या वर्षी, रंग त्याच्याही पुढे. नोंदणीपर्यंतची मर्यादा ३ लाख, नूतनीकरणाचे ८० हजार त्याच्या बाहेर. हा आकडा पत्नीसमोर वहीत लिहा आणि दोघांनी सही करा. हसू नका, माझ्या तीन अशिलांनी हे केलंय आणि तिघांची लग्नं टिकलीत.

पत्नीला पटवण्याची युक्ती तुम्ही विचारलीत. युक्ती नाही, पण एक कबुली द्या. सोसायटीत एकच जागा मिळते म्हणून ही गाडी हिंदमाताजवळ भाड्याच्या जागेत उभी आहे, महिना साडेतीन हजार. विमा धरून न चालणाऱ्या गाडीवर वर्षाला ५४ हजार जातात आणि ते घरखर्चात लपलेत. त्यांना ते माहीत आहे, असा माझा अंदाज आहे. आणि तळमजल्यावर, पावसात पाणी तुंबणाऱ्या हिंदमाताला? पहिल्या मोठ्या पावसाआधी हलवा. पॉलिसीत गाडीची किंमत दीड लाख लिहिलीय. उद्या १० लाख घातलेत तरी बुडाल्यावर कंपनी त्या दीड लाखांच्या पुढे जाणार नाही. थोडं काम झालं की सर्व्हेअरकडून मूल्यांकन करून ती किंमत वाढवून घ्या.

विकायचं कधी? स्क्रूड्रायव्हर आरपार गेला आणि आतला पत्राही कुजलेला निघाला तर. किंवा कस्टमचे कागद मिळालेच नाहीत तर, तेव्हा पुण्याच्या गृहस्थांना ते स्पष्ट सांगून. त्यांना तोवर महिनाभर थांबायला सांगा, खरे शौकीन असतील तर थांबतील. विक्री झाली तर फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलेपर्यंत पाठपुरावा करा. स्वतःच्या वापरातली गाडी असल्याने नफ्यावर कर नाही, तोटाही कुठे वजा होत नाही.

एक गोष्ट राहिली, आणि ती आजच पाहता येईल. या मॉडेलच्या १९९० आणि १९९१ च्या सुरुवातीच्या इंजिनांत क्रँकचं, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याचं, पुढचं टोक आखूड होतं. बोल्ट सैल होऊन तिथली खाच झिजते, टायमिंग हलतं आणि गाडीचा दम जातो. तुमची तिसरी तक्रार नेमकी तीच आहे: चढावर दम लागतो. इंजिनाच्या पुढच्या बाजूला, खाली, क्रँकची पुली दिसते. पुलीवर बोल्टभोवती ज्या खाचा दिसतात त्या मोजा. आठ असल्या तर सुधारित क्रँक आहे. चार असल्या तर इंजिन गेलं असं समजू नका, इंजिन चालू करून पुली डगमगते का ते टॉर्च मारून पाहा आणि मोबाइलवर व्हिडिओ घ्या. ३ लाख ४० हजारांतला एखादा रुपया तरी खरा आहे का, ते त्यावरून कळेल. खाचांचा आकडा मला कळवा, सायनच्या मेस्त्रींनीही विचारलाय.