सीआरएम बदलताय? आधी जुन्यातला डेटा बाहेर काढून बघा

प्रश्न: आमचं घरांवर सोलर बसवायचं काम आहे. आठ जण सीआरएम (कस्टमरची माहिती आणि फॉलोअप ठेवायचं सॉफ्टवेअर) वापरतात. रिन्यूअल पुढच्या महिन्यात आलंय आणि सध्याचे सपोर्टवाले फोनच उचलत नाहीत. दुसऱ्या एका कंपनीचा डेमो बघितला, भारी वाटला, वर्षाचे पैसे आत्ता भरले तर डिस्काउंट देतो म्हणतायत. घेऊन टाकू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: एवढ्यात पैसे भरू नका हो. डेमो भारीच असतो, त्यातले कस्टमर त्यांचे, डेटा त्यांनीच चकाचक करून ठेवलेला, अडेल कुठे?

आधी जुन्या सिस्टीममधून सगळा डेटा एक्सपोर्ट करा, आजच, भांडण व्हायच्या आत. नावं-नंबर सहज निघतात, पण फॉलोअपच्या नोट्स, कोटेशनच्या पीडीएफ, कोणी कधी फोन केला ते बऱ्याचदा वेगळ्या फाइलमध्ये येतं किंवा येतच नाही. प्रत्येक नोटसोबत कस्टमरचा आयडी आलाय का बघा, नाहीतर कुठली नोट कुणाची ते शोधत बसाल. आणि एक्सपोर्टमधून निघालेली सीएसव्ही (साधी टेक्स्ट फाइल) डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडू नका, मराठी नावांचा कचरा होतो आणि ९१ लावलेले मोबाईल नंबर ९.१९ई+११ असे दिसायला लागतात, तशीच सेव्ह केली की पुढचे आकडे गेलेच समजा. डेटा टॅबमधून इम्पोर्ट करा, यूटीएफ-८ (मराठी अक्षरं नीट दाखवणारं एन्कोडिंग) निवडा, नंबरचा कॉलम टेक्स्ट ठेवा.

मग नव्या कंपनीकडून ट्रायल घ्या आणि त्यात तुमचेच पन्नासेक कस्टमर टाका, त्यातल्या निम्म्यांचं तरी काम मध्येच अडकलेलं असू दे. बहुतेक सीआरएम ऑर्डर मिळाली की डील वॉन, म्हणजे सौदा जमला, म्हणून मोकळं होतं, तुमचं खरं काम तर तिथून सुरू होतं ना, सरकारी पोर्टलवरचा सबसिडीचा अर्ज, महावितरणची मंजुरी, बसवणं, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा), मग सबसिडी. सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट किंवा वरच्या सिस्टीमला ७८,००० रुपये मिळतात, त्यामुळे पैसे कधी येणार म्हणून कस्टमर रोज फोन करतो, आणि फोन घेणाऱ्या पोरीला त्याची फाइल कुठे अडकलीय ते एका स्क्रीनवर दिसलं पाहिजे. हे टप्पे आत्ता माझ्यासमोर बनवून दाखवा म्हणायचं. पुढच्या व्हर्जनमध्ये येतंय म्हणाले तर ते नाहीच असं धरा.

मोबाईल ॲप तुम्ही स्वतः तपासू नका, ज्याला डेटा भरायचा सगळ्यात कंटाळा आहे त्याच्या हातात द्या आणि रेंज नसलेल्या गच्चीवर पाठवा. फोटो आणि मापं तिथे सेव्ह होऊन नंतर आपोआप सिंक झाली तर ठीक, नाहीतर महिन्याभरात सगळे परत व्हॉट्सॲप ग्रुपवर येतील.

व्हॉट्सॲपवरून आठवलं, जुन्या व्हेंडरने तुमचा नंबर त्यांच्या एपीआयवर (सॉफ्टवेअरमधून व्हॉट्सॲप मेसेज पाठवायची सोय) घेतला असेल तर हलवताना टू-स्टेप पिन त्यांना बंद करावा लागतो, आणि जुने चॅट नव्याकडे येत नाहीत. तेवढं काम करून घेईपर्यंत त्यांच्याशी गोड बोला.

खर्च काढताना युजरमागे महिन्याचा रेट गुणिले आठ गुणिले बारा, वर १८ टक्के जीएसटी (क्रेडिट मिळतं, पण भरावा तर लागतो), शिवाय डेटा मायग्रेशन, ट्रेनिंग आणि व्हॉट्सॲप मेसेजचे पैसे वेगळे का ते लेखी घ्या. जुन्यांकडे एक-दोन महिन्यांचं रिन्यूअल मागा, रेट थोडा जास्त लागला तरी चालेल, तेवढ्या वेळात ट्रायल नीट होईल. आणि डिस्काउंटची घाई नको, तिमाही संपत आली की तोच सेल्सवाला परत फोन करतो.