वाचक विचारतात : व्हीगन मेयोनीज, पावासाठी कोणते आणि केकसाठी कोणते?

या महिन्याच्या टपालात तयार व्हीगन, म्हणजे अंडे-दुधासारखा कोणताही प्राणिज घटक नसलेल्या, मेयोनीजविषयीची पत्रे बरीच होती. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

प्रश्न : मी दोन कंपन्यांची व्हीगन मेयोनीजे आणली. पहिले दाट आणि किंचित गोडसर आहे. सँडविचमध्ये घरातल्या सगळ्यांना तेच आवडले. दुसरे आंबट आणि जरा तेलकट वाटले, म्हणून ते मागे पडले. मात्र दोन्ही वापरून एकाच कृतीने चॉकलेट केक केला, तेव्हा आवडत्या मेयोनीजचा केक मध्यभागी बसला आणि आतून चिकट, गिच्च झाला. नावडत्याचा मात्र छान फुलला. पहिल्या बरणीवर १०० ग्रॅममागे ३३ ग्रॅम फॅट असे छापले आहे, दुसरीवर ७४ ग्रॅम. याचा काही संबंध असेल का?

उत्तर : संबंध आहे, आणि आपण तो आकडा आवर्जून कळवलात म्हणून उत्तर देणे सोपे झाले. मेयोनीज म्हणजे आंबट पाण्यात तेलाचे अतिसूक्ष्म थेंब अडकवून ठेवलेले मिश्रण. नेहमीच्या मेयोनीजमध्ये हे थेंब एकमेकांत मिसळू न देण्याचे काम अंड्याचा बलक करतो. व्हीगन मेयोनीजमध्ये ते सोयाचे किंवा वाटाण्याचे प्रथिन, काबुली चण्याच्या शिजवणीचे पाणी, मोहरी, झँथन गम (दाटपणा आणणारा एक डिंक) किंवा मॉडिफाइड स्टार्च (प्रक्रिया केलेले पिष्ट) यांच्याकडून करून घेतात. पूर्ण तेलाच्या मेयोनीजमध्ये वजनाच्या साधारण ६५ ते ८० टक्के तेलच असते आणि तेलाचे थेंब दाटीवाटीने बसल्यामुळेच ते घट्ट लागते. कमी तेलाच्या मेयोनीजला हा घट्टपणा फुकट मिळत नाही, म्हणून त्यात पाणी वाढवून ते स्टार्च आणि गम यांनी दाट केलेले असते. चमच्यावर दोन्ही सारखीच दिसतात. ओव्हनमध्ये गेल्यावर मात्र फरक उघड होतो.

आपल्या केकचाच हिशेब करू. अशा केकच्या कृतीत सहसा २ कप मैद्याला १ कप मेयोनीज आणि १ कप पाणी असते. १ कप मेयोनीजचे वजन सुमारे २२० ग्रॅम भरते. दुसऱ्या बरणीतून त्या कपात सुमारे १६३ ग्रॅम तेल गेले, पहिलीतून जेमतेम ७३ ग्रॅम. म्हणजे जवळपास ९० ग्रॅम तेलाची जागा पाण्याने, स्टार्चने आणि साखरेने घेतली, आणि कृतीतले कपभर पाणी त्यावर आणखी पडले. तेल मैद्याच्या कणांना वेढते, त्यामुळे ग्लूटेनची, म्हणजे मैद्यातल्या चिवट प्रथिनाची, तार फार लांबत नाही आणि केक मऊ राहतो. ते कमी पडले आणि पाणी वाढले की पीठ सैल होते. सोड्याने तयार झालेले बुडबुडे धरून ठेवण्याइतका केक वेळेत घट्ट होत नाही, म्हणून तो मध्यभागी बसतो. आणि बाटलीतला जादा स्टार्च पाणी धरून ठेवतो, त्याचाच तो चिकटपणा.

यावरून आवडते मेयोनीज केकमधून बाद करण्याचे कारण नाही. १ कप मेयोनीजमागे साधारण ८० ग्रॅम कोणतेही सौम्य चवीचे तेल वेगळे घालावे आणि कृतीतले पाणी ८० मिलिलिटरने कमी करावे. बाकीच्या मापांना हात लावू नये. तरीही माझे मत विचाराल तर केकसाठी पूर्ण तेलाचेच मेयोनीज आणावे. ज्या आंबटपणामुळे आणि तेलकटपणामुळे ते आपल्या घरी मागे पडले, त्यांपैकी एकही गोष्ट कोको, साखर आणि व्हॅनिला यांच्यापुढे टिकत नाही. भाजलेल्या केकमध्ये मेयोनीजची चव ओळखू येत नाही, तेव्हा तिथे जिभेचा कौल घेण्यापेक्षा लेबलावरचा फॅटचा आकडा पाहिलेला बरा. काही लेबलांवर आकडा १०० ग्रॅममागे न देता १ टेबलस्पूनमागे दिलेला असतो. टेबलस्पूनभर मेयोनीज सुमारे १४ ग्रॅमचे असते. त्यात १० ते ११ ग्रॅम फॅट असेल तर ते पूर्ण तेलाचे, ३ ते ५ असेल तर कमी तेलाचे.

प्रश्न : मेयोनीज आंबट असते म्हणून केकमध्ये नुसता खाण्याचा सोडा पुरतो, असे वाचले होते. मात्र माझ्या केकला सोड्याचा साबणासारखा वास आणि चव येते. सोडा जुना असेल का?

उत्तर : जुना सोडा असता तर केक फुललाच नसता. आपल्याकडे सोडा खर्ची पडत नाही, शिल्लक राहतो. मेयोनीज जिभेला जितके आंबट लागते तितके आम्ल त्यात नसते. कपभर मेयोनीजमधले व्हिनेगर आणि लिंबाचा रस मिळून फार तर पाव चमचा सोड्याला पुरेल. काही जुन्या कृतींत २ कप मैद्याला २ चमचे सोडा सांगितलेला असतो, तो या हिशेबाने फारच होतो. त्याऐवजी १ चमचा सोडा आणि १ चमचा बेकिंग पावडर घ्यावी आणि पाण्यात १ टेबलस्पून व्हिनेगर मिसळावे. कोको कोणती आहे हेही पाहावे. नैसर्गिक कोको स्वतः आम्लधर्मी असते आणि सोड्याला मदत करते. अल्कलीने प्रक्रिया केलेली, ‘डच’ म्हणून विकली जाणारी गडद कोको ही मदत करत नाही. त्या कोकोबरोबर सोडा आणखी कमी करून बेकिंग पावडर वाढवावी लागते.

प्रश्न : कोणत्याही कृतीत एका अंड्याऐवजी ३ टेबलस्पून व्हीगन मेयोनीज घालावे, हा सल्ला कितपत खरा?

उत्तर : ‘कोणत्याही’ हा शब्द काढून टाकल्यास थोडासा खरा. साधारण ५० ग्रॅमच्या अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिन आणि ५ ग्रॅम फॅट असते, उरलेले बहुतेक पाणी. पूर्ण तेलाच्या ३ टेबलस्पून व्हीगन मेयोनीजमध्ये सुमारे ३० ग्रॅम फॅट असते आणि प्रथिन जवळपास नसतेच. म्हणजे अंडे काढून आपण कृतीत २५ ग्रॅम फॅट वाढवले आणि उष्णतेने घट्ट होऊन केकला उभा धरणारे प्रथिन मात्र काढून घेतले. नेहमीच्या, अंड्याच्या मेयोनीजमध्ये निदान बलकाचा अंश असतो. व्हीगनमध्ये तोही आधार नाही. इथे मेयोनीज अंड्याच्या जागी येत नाही, ते लोण्याच्या किंवा तेलाच्या आणि थोड्या पाण्याच्या जागी येते, हे एकदा ध्यानात घेतले की पुढचे निर्णय आपोआप सुचतात.

म्हणून चॉकलेट केक, केळ्याचा केक, मसाल्याचा केक, मफिन यांत ते चांगले चालते. या प्रकारांत केकला मैदा आणि शिजलेला स्टार्च सावरून घेतात, आणि केळे किंवा कोको ओलावा धरून ठेवतात. कृतीतले तेल किंवा लोणे मात्र प्रत्येक ३ टेबलस्पून मेयोनीजमागे सुमारे २५ ग्रॅमने कमी करावे. कुकीमध्ये हे कमी करणे विसरल्यास त्या ट्रेवर पसरून एकमेकींना चिकटतात आणि कडा तळल्यासारख्या होतात. ज्या केकचा सारा फुलोरा फेटलेल्या अंड्यांवर उभा असतो, त्या स्पंजच्या, शिफॉनच्या वाटेला व्हीगन मेयोनीज घेऊन जाऊच नये. मेरँगचा, म्हणजे अंड्याचा पांढरा भाग साखरेबरोबर फेटून केलेल्या पदार्थाचा, तर प्रश्नच नाही. तिथे काबुली चण्याच्या शिजवणीचे पाणी फेटून वापरतात, आणि ते नुसतेच हवे, त्यात तेल मिसळलेले असेल तर फेस धरत नाही.

प्रश्न : निरनिराळ्या व्हीगन मेयोनीजांच्या चवीत एवढा फरक का असतो? कशाला कच्च्या डाळीसारखा वास येतो, कशात साखर जाणवते. चव घेऊन तुलना करायची तर कशी करावी?

उत्तर : फरकाची कारणे बहुधा घटकांच्या यादीतच सापडतात. कच्च्या डाळीसारखा वास सोया किंवा वाटाण्याच्या प्रथिनाचा. तो उघडल्या उघडल्या जास्त जाणवतो आणि थंड असताना दबलेला राहतो. चण्याच्या पाण्यावर केलेले मेयोनीज त्या मानाने सौम्य असते, आणि मॉडिफाइड स्टार्चवर भर असलेल्यात असा वास जवळजवळ नसतो. मात्र ते जिभेवर विरघळण्याऐवजी क्षणभर खळीसारखे रेंगाळते. साधे पांढरे व्हिनेगर नाकात जाणारा तिखा आंबटपणा देते, सफरचंदाचे व्हिनेगर फळासारखा गोल आंबटपणा देते. काही कंपन्या साखरेऐवजी ब्राऊन राइस सिरप वापरतात, त्याचा गोडवा मागाहून जाणवतो.

बाजारातली परिचित नावे घ्यायची तर फॉलो युअर हार्ट या कॅलिफोर्नियातल्या कंपनीचे ‘वेजनेज’ सोया प्रथिन, ब्राऊन राइस सिरप आणि सफरचंदाचे व्हिनेगर या मार्गाने जाते. ते दुकानातही शीतकपाटात ठेवलेले असते आणि त्याची चव मऊ, गोडसर असते. हॅम्प्टन क्रीक कंपनीने २०१३ साली आणलेले ‘जस्ट मेयो’ पिवळ्या वाटाण्याच्या प्रथिनावर बेतलेले होते. सर केन्सिंग्टन्सने २०१६ साली चण्याच्या पाण्यावर केलेले मेयोनीज आणले. हेलमन्सच्या व्हीगन मेयोनीजमध्ये मॉडिफाइड स्टार्चचा आधार असतो आणि चवीचा रोख नेहमीच्या हेलमन्सकडे असतो. मला स्वतःला पावावर चण्याच्या पाण्याचे आणि बटाट्याच्या सॅलडमध्ये आंबटपणाकडे झुकणारे मेयोनीज आवडते, कारण बटाटा आंबटपणा गिळून टाकतो. कंपन्या घटक बदलत असतात, तेव्हा नावापेक्षा हाती असलेल्या बाटलीवरची यादी प्रमाण मानावी.

तुलना करताना सगळी मेयोनीजे सारख्याच वेळ फ्रिजमध्ये ठेवावीत, कारण कोमट मेयोनीज अधिक तेलकट आणि अधिक वासाचे लागते. नुसत्या चमच्याने चाखून निर्णय देऊ नये. चमच्यावर मीठ आणि गोडवा यांना अवाजवी गुण मिळतात. साध्या पावाच्या तुकड्यावर आणि थंड उकडलेल्या बटाट्यावर लावून चाखावे, मध्ये पाणी प्यावे आणि बाटल्या कोणाला तरी झाकून ठेवायला सांगाव्यात. अंड्याच्या वासाची फार आठवण येत असेल तर चिमूटभर पादेलोण मिसळून पाहावे. त्यातल्या गंधकाच्या संयुगांमुळे तो वास बऱ्यापैकी साधतो. केकसाठी काढून ठेवलेल्या मेयोनीजमध्ये मात्र ते घालू नये.

प्रश्न : काही बाटल्यांवर मेयोनीज असे न लिहिता ‘व्हीगन ड्रेसिंग’ किंवा ‘स्प्रेड’ असे लिहिलेले असते. हा माल कमी प्रतीचा असतो का?

उत्तर : नाही, हा कायद्याच्या व्याख्येचा परिणाम आहे. अमेरिकेत मेयोनीज म्हणवून घ्यायचे तर वजनाच्या किमान ६५ टक्के वनस्पती तेल आणि अंड्याचा बलक असावा लागतो. याच मुद्द्यावर २०१४ साली हेलमन्सची मालक असलेल्या युनिलिव्हरने ‘जस्ट मेयो’विरुद्ध दावा लावला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मागे घेतला. पुढच्या वर्षी तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने ‘जस्ट मेयो’च्या कंपनीला पत्र पाठवले, आणि २०१५ च्या अखेरीस लेबलात बदल करून नाव कायम ठेवण्यावर तडजोड झाली. पुढे युनिलिव्हरने स्वतःच व्हीगन मेयोनीज बाजारात आणले, यातली गंमत वाचकांच्या ध्यानात येईलच. ‘स्प्रेड’ लिहिलेल्या बाटलीत तेल भरपूरही असू शकते आणि निम्म्याहून कमीही. ते पुन्हा फॅटच्या आकड्यावरूनच कळते.

प्रश्न : ‘एगलेस’ लिहिलेले मेयोनीज व्हीगन समजावे का?

उत्तर : समजू नये. त्यात अंडे नसले तरी दुधाची पावडर किंवा व्हे (दूध फाटल्यावर वेगळे होणारे पाणी) असू शकते, क्वचित मधही असतो. ज्यांना सोयाची किंवा मोहरीची ॲलर्जी आहे त्यांनी व्हीगन मेयोनीजचीही यादी वाचावी. या दोन गोष्टी त्यात नेहमीच्याच आहेत.

प्रश्न : पावाला बाहेरून व्हीगन मेयोनीज लावून तव्यावर भाजले तर कधी तेल सुटते, कधी पाव पांढराच राहतो. भाज्यांवर पसरून ओव्हनमध्ये ठेवले तरी तेच. शिवाय उरलेली बाटली फ्रीझरमध्ये ठेवली तर चालेल का?

उत्तर : तेल सुटणारे मेयोनीज पूर्ण तेलाचे असते, तापल्यावर थेंबांभोवतीचे आवरण टिकत नाही आणि तेल वेगळे होते. पाव भाजताना हे हिताचेच आहे, तेलात कडा कुरकुरीत होतात, फक्त थर अगदी पातळ हवा. पांढरा राहणारा पाव कमी तेलाच्या मेयोनीजचा. त्यातले पाणी आटेपर्यंत पाव तांबूस होत नाही, आणि अंड्याचे प्रथिन नसल्यामुळे रंग धरायला एरवीही वेळ लागतो. आच मध्यम ठेवून थोडा धीर धरावा. भाज्यांवर पसरण्यासाठी उलट स्टार्च असलेले मेयोनीज बरे, कारण ते उष्णतेत फुटत नाही. पूर्ण तेलाचेच वापरायचे असेल तर भाज्या भाजून झाल्यावर शेवटच्या काही मिनिटांसाठी लावावे.

फ्रीझरमध्ये ठेवू नये. पाण्याचे स्फटिक तेलाच्या थेंबांची आवरणे फोडतात आणि बाहेर काढल्यावर तेल व पाणी वेगवेगळे होते; फेटूनही ते पूर्ववत होत नाही. उघडलेली बाटली झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवावी आणि तिच्यात कोरडा, स्वच्छ चमचाच घालावा. चुकून गोठून फुटलेच आणि वास चांगला असेल, तर ते त्याच दिवशी चॉकलेट केकच्या पिठात घालून संपवावे. तिथे ते फुटले होते हे कोणाला कळणार नाही.